माझ्या वाट्याचं खत

औरंगाबाद
२० नोव्हेंबर २०१२

दादा,

आधी वाकून नमस्कार करते, मग भांडते. भाऊबीजेला आलास, अर्धा कप चहा घेतलास आणि पुढच्या बसनं परत गेलास. मी काय सांगत होते ते तुला ऐकू आलं नाही, आणि ऐकू येत नाही हे तू कबूलही केलं नाहीस. नुसती मान हलवत होतास. फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला बातमी द्यायची. म्हणून लिहून पाठवते. तुमच्याकडचा कडूबा दूध घालायला रोज याच रस्त्यानं येतो, तो पोचवील.

सांगत होते ते हे. दसऱ्यापासून मी प्लॉटवर राहायला आले आहे. एकटी. ह्यांनी रिटायर झाल्यावर बायपासच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी दोन खोल्या बांधल्या होत्या ना, तिथं. ह्यांना काही त्यात राहायला मिळालं नाही. शिवराज आणि मंजुषा मला फार जपतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांच्या फ्लॅटमध्ये मी हॉलमधल्या दिवाणावर झोपते, आणि पाहुणे आले की माझं अंथरूण गुंडाळावं लागतं. दादा, सत्तावन्न वर्षांत मला स्वतःचं दार नव्हतं. आधी अप्पांचं, मग सासऱ्यांचं, मग सरकारी क्वार्टरचं, मग मुलाचं. इथं आतून कडी लावली की मला जे वाटतं ते लिहून सांगता येणार नाही.

आता अडचण. इथं लाइटचा खांब आलेला नाही. नळ नाही, ड्रेनेज नाही. टँकर आठ दिवसांनी येतो आणि दोन पिंपं देऊन जातो, त्यातलं संडासात किती ओतायचं? कचऱ्याची गाडी बायपासच्या अलीकडूनच वळते. लोक पिशव्या बांधून नाल्यात फेकतात. शिवराज म्हणतो, इथं माणसं राहत नसतात, गिऱ्हाईक आहे, प्लॉट विकून टाकू. मी हट्ट धरला तेव्हा त्यानं गुढीपाडव्यापर्यंत मुदत दिली. तोवर घर घरासारखं झालं तर राहा, नाहीतर मुकाट्यानं दिवाणावर.

तू वस्तीवर चाळीस वर्षं विजेशिवाय, नळाशिवाय राहतोस आणि तुझ्या दारात कधी घाण दिसली नाही. कसं करतोस ते सगळं लिही. वहिनीला नमस्कार.

आशा


शेतवस्ती, दौलताबाद
२ डिसेंबर २०१२

आशा,

आशीर्वाद. मोठ्या अक्षरात लिहिलाय, कमी पडायला नको. मला ऐकू येतं. लोकच हल्ली हळू बोलतात.

शिवराजला सांग, माणसं कुठंही राहतात. फक्त आपलं आपण निस्तरावं लागतं. शहरात साखळी ओढली, बटण दाबलं की घाण दुसऱ्याच्या दारात जाते आणि आपण स्वच्छ. वस्तीवर दुसऱ्याचं दारच नाही, म्हणून अक्कल येते.

संडासाचं आधी. पाणी ओतणं बंद कर. खड्डे दोन घे, कंबरभर खोल, बुडाला सिमेंट नको. एक वापरायचा, एक झाकून ठेवायचा. शेजारी डबाभर राख आणि वाळला पाला ठेव आणि दर वेळी वरून दोन मुठी टाक. धुण्याचं पाणी वेगळं, दगडगोट्यांच्या चारीत सोड. पाणी गेलं तर वास, राख गेली तर माती, एवढं लक्षात ठेव. पहिला भरला की वर्षभर त्याला हात लावायचा नाही. नंतर जे निघेल ते झाडाच्या बुंध्याला घाल, भाजीला नको. आणि कुणाचं बोअर जवळ असेल तर खड्डा लांब घे.

अंघोळीचं पाणी शेवग्याला. भांड्यांचं केळीला, पण भांडी राखेनं घास, झाडाला साबण पाजू नकोस. साली, चोथा, उरलंसुरलं एका पिंपात टाक. पिंपाला चहूबाजूंनी भोकं पाड, ओल्यावर कोरडं टाकत जा. त्यालाच आपण उकिरडा म्हणतो. शहरात तो शब्द शिवीसारखा वापरतात, त्याला इलाज नाही. प्लास्टिक, काच यांची गोणी वेगळी टांग, भंगारवाला नेतो. पेटवायचं नाही. तुझ्या वहिनीनं एकदा पेटवलं तर म्हैस दोन दिवस खोकत होती आणि वहिनी चार.

विहिरीनं तळ गाठलाय. मोसंबीची बाग तोडली, सरपण झालं. बाकी ठीक.

काकासाहेब


औरंगाबाद
२७ जानेवारी २०१३

दादा,

नमस्कार. तुझं पत्र मी स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलं आहे आणि रोज वाचते. चांगली गोष्ट आधी सांगते. खड्डे झाले. पहिले आठ दिवस मी राख टाकताना देवाचं नाव घेत होते, आता नुसती राख टाकते. खरंच वास नाही. शेजारी सत्यशीला मॅडम राहतात, शाळेत शिकवतात. त्यांनी नाक मुरडत येऊन पाहिलं आणि परवा त्यांच्याकडंही खड्डे खोदायला माणूस लावला. शेवग्याची फांदी लावली, तिला पानं फुटली आहेत. टँकरचं पाणी आता आठाचे दहा दिवस पुरतं.

वाईट म्हणजे पिंप. तू सांगितलंस तसं सगळं केलं, तरी त्यातलं कुजत नाही, नुसतं आंबतं. काळं पाणी गळतं, चिलटं घोंघावतात. वारा सुटला की मॅडम खिडक्या लावून घेतात, ते मनाला लागतं. त्या म्हणाल्या, नुसत्या सालींनी होणार नाही, त्यात जुनं काहीतरी मिसळावं लागेल.

मंजुषा रविवारी आली होती. मी उकिरडा म्हटलं तर तिला कसंतरी झालं. म्हणाली, आई, मुलांसमोर तो शब्द नका वापरू. तेव्हापासून मी तो शब्द सोडून दिला. मीही आता शहरातली झाले म्हणायचं.

गाडी सुरू ठेवून कडूबा दारात उभा आहे, म्हणून थांबते.

आशा

ता. क. – खरं मागायचं होतं तेच राहिलं. मागताना जीभ जड होते, म्हणून शेवटी लिहिते. दादा, मला खत हवंय. आपल्या जमिनीचंच हवं, विकतचं नको. फार नको, माझ्या वाट्याला येईल तेवढं पुरे. वहिनीला विचारल्याशिवाय देऊ नकोस. पाडव्याच्या आत मिळालं तर शिवराजला दाखवता येईल.


औरंगाबाद
३ मार्च २०१३

दादा,

नमस्कार. महिना उलटला, तुझ्याकडून ओळ नाही. कडूबाला रोज विचारते. तो म्हणतो, “काका लई गप गप हायेत. तलाठ्याकडं चकरा मारायलेत.” दुष्काळाचं अनुदान आलं असेल, त्याचे कागद करत असशील, असं मी मनाशी धरून चालले आहे. पण दोन ओळी लिहायला अनुदान लागत नाही.

इथलं बिघडत चाललं आहे. ऊन वाढलं तसा पिंपाचा वासही वाढला. शिवराज शुक्रवारी आला, नाकाला रुमाल लावून अंगणात उभा राहिला आणि आत न येताच गेला. जाताना म्हणाला, आई, मी वाईट नाही, पण तू आजारी पडशील. गिऱ्हाईकाला पाडव्यानंतर बोलावलं आहे. त्याचा चेहरा पाहून मला रागवतासुद्धा आलं नाही.

मी मागितलं ते तुला जड वाटलं असेल तर राहू दे. कुठून तरी सोय होईल, नाही झाली तर नाही. तेवढ्यासाठी मला माहेर तोडायचं नाही. आधीच त्यातलं किती उरलं आहे! आई गेल्यापासून चौदा वर्षांत मला न्यायला कुणी मुराळी आलं नाही. मीच आपली लग्नाकार्याला येते आणि अक्षता टाकून परत फिरते. वहिनीच्या मनात माझ्याबद्दल काही असेल असं मला वाटतं, पण काय ते कळत नाही. हे लिहायचं नव्हतं. लिहून झालं, आता खोडत नाही.

आशा


शेतवस्ती, दौलताबाद
१७ मार्च २०१३

आशा,

आशीर्वाद द्यायचा मला हक्क आहे की नाही, हे पत्र वाचून तू ठरव.

तुझी जानेवारीतली चिठ्ठी मिळाली. बावीस वर्षं मी या चिठ्ठीची वाट बघत होतो. आपल्या शिवारात बाहेरचे लोक गाड्या घेऊन फिरतात, जमिनी मागतात, आणि घरोघरी बहिणी येऊन आपला हिस्सा मागतात. भाऊ चारचौघांत बहिणींना नाही नाही ते बोलतात. मी पारावर बसून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, आपली आशा आली तर मी कुठल्या तोंडानं बोलणार?

कारण मी तुला फसवलं होतं. अप्पा गेल्यानंतर खुलताबादच्या रजिस्ट्री कचेरीत तुला नेलं. गाडीत सांगितलं, वारसाची नोंद करायची आहे, नुसती सही लागते. तो कागद हक्कसोडीचा होता. कारकुनानं विचारलं, बाई, समजून सही करताय ना? तू माझ्याकडं बघितलंस आणि व्हय म्हणालीस. त्यानं कागद वाचून दाखवू का म्हणून विचारलं तर मीच म्हणालो, कशाला, घरचंच आहे. आशा, मी गरजेपोटी केलं नाही. तेव्हा विहिरीला पाणी होतं, बाग होती. हाव होती, बस्स. त्यानंतर तू आलीस की मी मळ्यात निघून जायचो. आई होती तोवर तिनं तुला आणलं. ती गेल्यावर मला तुला आणायची हिंमत झाली नाही. चार दिवस तू घरात वावरणार आणि मी तुझ्या ताटासमोर बसणार, ते मला झेपलं नसतं.

तुझ्या वहिनीच्या मनात काही नाही. तिला चिठ्ठी दाखवली तर म्हणाली, “द्या की. तिचंच हाय ते. तुमी कव्हा म्हणता याचीच वाट बघत व्हते मी.” मग मला आणखी लाज वाटली.

तर खत करून देतो. विकतचं नको म्हणालीस, म्हणजे बक्षीसखतच करायचं. वकिलाकडून कागद लिहून घेतला आहे. तलाठ्याकडून उतारे मिळायला वेळ लागला, म्हणून उशीर. वाट्याला येईल तेवढं म्हणालीस तर निम्मं येतं. पाडव्याच्या आत रजिस्ट्री करू. शिवराजला दाखव आणि सांग, आईला जागा नाही असं समजू नकोस.

काकासाहेब


औरंगाबाद
१९ मार्च २०१३

दादा,

तुझं पत्र वाचून मी आधी इतकी हसले की सत्यशीला मॅडम काय झालं म्हणून धावत आल्या. मग रडायला लागले तेव्हा त्या घाबरल्या. त्यांना काय सांगू?

अरे दादा, मी शेणखत मागितलं होतं. पिंपात घालायला. म्हशीचं! विकतचं नको म्हणजे ते दुकानातल्या पोत्यातलं पांढरं खत नको. माझ्या वाट्याला म्हणजे तुझ्या शेतात घालून जे उरेल त्यातलं. उकिरड्यातलं दे असं सरळ लिहिलं असतं तर तुला लगेच कळलं असतं. पण मंजुषानं तो शब्द बंद केला आणि मी शहाणी होऊन खत म्हटलं. तुझ्या कानांना अप्पांची सवय. निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेला माणूस, त्यांच्या तोंडी रजिस्ट्रीचा कागद म्हणजे खत आणि टपाल आलं तरी खत. पण आदल्याच पानावर मी पिंपाचं रडगाणं गायलं होतं, ते तुला दिसलं नाही?

आता मीही एक सांगते. बावीस वर्षं मीही लपवलं आहे.

मी सातवी पास आहे, हे तू विसरलास. त्या कागदाच्या माथ्यावर ठळक अक्षरात हक्कसोडपत्र लिहिलं होतं. तू पेनाला टोपण शोधत होतास तेवढ्या वेळात मी पहिलं पान वाचलं. मला फसवून सही घ्यायची ताकद तुझ्यात नाही दादा. मी समजूनच व्हय म्हणाले. जमीन मागणाऱ्या बहिणींची माहेरं कशी तुटतात ते मी पाहिलं होतं. म्हटलं, जमीन जाऊ दे, माहेर राहू दे. तुला कळू दिलं नाही, कारण कळलं असतं तर तुला तोंड दाखवायची लाज वाटली असती.

आणि झालं काय? जमीनही गेली आणि माहेरही गेलं. माझं गप्प राहणंच मला नडलं. एवढी वर्षं मी आरशात बघून स्वतःला विचारायची, माझं काय चुकलं?

कागद ठेवून दे. मला जमीन नको. मला आत्ता पिंपासाठी शेणखत पाठव, आणि नंतर कधीतरी चार दिवस राहायला ने.

आशा


शेतवस्ती, दौलताबाद
२१ मार्च २०१३

आशा,

लिहायला सुचत नाही, म्हणून कामाचं लिहितो.

कडूबाच्या गाडीवर दोन पोती पाठवली आहेत. मी स्वतः उकरून, चाळून भरली. दोन वर्षांचं जुनं आहे, हातात घेऊन बघ, चहाच्या पत्तीसारखं सुटं लागेल. पिंप आधी पूर्ण रिकामं कर. बुडाला विटांचे तुकडे आणि तुरीच्या काड्या घाल, म्हणजे पाणी तुंबणार नाही. मग सालींचा एक थर, त्यावर हे, त्यावर वाळला पाला. वर गोणपाट. आठवड्यातून दोनदा काठीनं खालवर कर. पंधरा दिवसांत वास गेला नाही तर माझं नाव बदल.

ही गोष्ट मी पहिल्याच पत्रात लिहायला हवी होती. आमच्या उकिरड्यात शेण आपोआपच पडतं, त्यामुळं ते सांगायचं असतं हे लक्षातच आलं नाही.

तुझं पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. ती पदरानं डोळे पुसत आत गेली आणि माझ्याशी बोलत नाही.

काकासाहेब


औरंगाबाद
१४ एप्रिल २०१३

दादा,

नमस्कार. पाडवा झाला, आता निवांत लिहिते.

पंधरा नाही, बारा दिवसांत वास गेला. तुझं नाव आहे तेच राहू दे. मॅडमची खिडकी आता उघडी असते, आणि पलीकडच्या तीन घरांनी पिंपाला भोकं पाडून घेतली आहेत. आता त्यांनाही खत हवं आहे. मी मात्र सगळ्यांना शेणखत म्हणा, असं बजावून ठेवलं आहे.

पाडव्याला शिवराज, मंजुषा आणि मुलं आली. मी पुरण शिजवत होते. शिवराज अंगणात फिरला, संडासात डोकावला, नाल्याकडं बघून आला. मग पिंपाजवळ उकिडवा बसला. मी खिडकीतून बघत होते आणि माझ्या हातातली पळी तशीच राहिली. त्यानं गोणपाट उचललं, आत हात घातला आणि मूठभर काढून नाकाशी नेलं. जेवताना पोळी मोडता मोडता म्हणाला, “आई, त्या गिऱ्हाईकाला मी नको म्हणून कळवतो. पण लाइट येईपर्यंत कंदील तरी चांगला घे.” मी त्याला अजून एक पोळी वाढली. जाताना मंजुषानं कुंडीसाठी एक पिशवी भरून नेली. दादा, माझं दार माझं राहिलं.

तुझ्या कागदाचं मात्र अजून डोक्यात आहे. नको म्हणते ते रागानं नाही. आता मागे कशाला वळायचं, असं वाटतं. तू ते मनातून काढून टाक.

आशा


शेतवस्ती, दौलताबाद
१८ एप्रिल २०१३

आशा,

आशीर्वाद. या वेळी हक्कानं.

शिवराज बापापेक्षा शहाणा निघाला. तुझे यजमान आमच्या उकिरड्यापासून चार हात लांबून जायचे, तुला आठवत असेल.

कागद मनातून काढ म्हणतेस, ते जमणार नाही. तू समजून सही केलीस हे कळल्यावर माझं ओझं कमी झालं असेल असं तुला वाटत असेल. उलट वाढलं. फसवलेल्या बहिणीची माफी मागता येते. सगळं माहीत असून व्हय म्हणणाऱ्या बहिणीपुढं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. तुझ्या वहिनीनं, गीतानं सुचवलं. ती महिन्यानं बोलली, पण मुद्द्याचं बोलली. म्हणाली, “पत्रं कशाला लिवत बसलाव? जा आन् घिऊन या तिला.”

तर येत्या सोमवारी सकाळच्या गाडीनं मी येतो. मुराळी म्हणून येतो. सदुसष्टाव्या वर्षी मुराळी कुणी बघितला नसेल, पण तुझ्या शेजारणींना बघू दे. पिंपावर आठ दिवस मॅडमना लक्ष ठेवायला सांग. चार दिवसांचं बोलणं मला मान्य नाही, आठ दिवस राहायचं. पाणी कमी आहे, अंघोळ तांब्याभर मिळेल. वहिनीनं तुझ्यासाठी आईची खोली सारवून ठेवली आहे.

बक्षीसखताचा कागद घरातच आहे. आलीस की ओट्यावर बसू, आणि तो मी तुला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवीन, एक शब्द न गाळता. बावीस वर्षांपूर्वी जे केलं नाही ते आधी होऊ दे. मग घ्यायचं की नाही ते तू ठरव. मी सही मागणार नाही.

दादा